किल्ली हरवलेली कुलपे आणि त्यांचा शेतीवर उपयोग



ऊस विकासाच्या या पानावर बेणे, लागण, खत, पाणी आणि कीड-रोग यांविषयी आपण नेहमी वाचता. या वेळी आम्ही विषय थोडा निराळा घेतला आहे. घराच्या फडताळात, मोटारीच्या खोलीतल्या खिळ्याला किंवा गोठ्याच्या वळचणीला जी बंद कुलपे वर्षानुवर्षे लोंबकळत असतात, त्यांचे काय करायचे, हा तो विषय होय. कुलपाचा आणि उसाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु लेख पुरता वाचल्यावर हा संबंध उसापेक्षाही ऊस पिकवणाऱ्या माणसाच्या जिवाशी आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

कुलपे साठतात कशी ?

पूर्वी गावातल्या वाड्याला आतून अडसर असे. घरात कोणी ना कोणी माणूस असायचेच, त्यामुळे बाहेरून कुलूप घालण्याची वेळ क्वचित येई. शेतावरची गोष्ट वेगळी. आपल्या वाई भागात कृष्णाकाठी, धोमच्या कालव्यांवर आणि गावोगावच्या विहिरींवर जशा मोटारी वाढल्या, तशी राखणीला माणूस नसलेली ठिकाणेही वाढली. मोटारीच्या खोलीला एक कुलूप, स्टार्टरच्या पेटीला दुसरे, खताच्या खोलीला तिसरे, ठिबकच्या फिल्टरला चौथे आणि गोठ्याच्या साखळीला पाचवे. मोजून बघा, मध्यम शेतकऱ्याच्या घरीही सात-आठ कुलपे सहज निघतात.

मग कधी किल्ली सरीत पडते, कधी गडी खिशात घालून घरी जातो, तर कधी मुंबईला गेलेल्या भावाच्या जुडग्यात ती परगावी जाते. पाण्याची पाळी तर आजच असते. तेव्हा करवतीने कोयंडा कापायचा आणि नवा कोयंडा व नवे कुलूप आणायचे, हा रिवाज पडला आहे. कापला जातो तो कोयंडा. कुलूप मात्र धडधाकट, पण बंद असे शिल्लक राहते. पुढे कधीतरी किल्ली सापडते, पण तोवर ती कोणत्या कुलपाची हेच कोणाला आठवत नाही. अशा रीतीने एका डब्यात किल्ल्या आणि दुसऱ्या डब्यात कुलपे साठत जातात, आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात.

कुलूप चालते कसे ?

बंद कुलपाचे काय करावे हे ठरवण्याआधी त्याच्या पोटात काय आहे हे जाणून घेणे बरे. आपल्याकडची बरीचशी कुलपे लिव्हरची असतात. आत पितळेच्या किंवा लोखंडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला लहान स्प्रिंग असते. किल्लीचा प्रत्येक दात एकेका पट्टीला ठराविक उंचीपर्यंत उचलतो. सर्व पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या म्हणजेच आतला खटका सरकतो आणि वरची कडी सुटते. एक पट्टी जरी कमी किंवा जास्त उचलली गेली तरी कुलूप उघडत नाही. पट्टी ठराविक उंचीच्या वर गेली तरीही कुलूप अडते, अशी रचना इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने १७७८ साली केली. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपे बनवण्यास सुरुवात केली. अलीगढ शहर तर कुलपांसाठीच नावाजलेले आहे. कुलपावर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असे जे छापलेले असते, ते या पट्ट्यांचेच मोजमाप होय.

दुसरी जात पिनांच्या कुलपाची. यात चपटी, करवतीसारख्या दातांची किल्ली असते आणि पट्ट्यांच्या जागी लहान लहान पिना असतात.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, बंद कुलूप म्हणजे बिघडलेले कुलूप नव्हे. त्याची यंत्रणा बहुधा शाबूत असते, फक्त जोडीदार हरवलेला असतो. दुसरी, जोर लावून, हातोडीने ठोकून किंवा दुसरीच किल्ली दामटून कुलूप उघडत नाही. उलट पट्ट्या वाकतात आणि चांगला माल वाया जातो.

पहिले काम : जुळणी

पावसाच्या झडीत शेतात जाता येत नाही असा एखादा दिवस धरावा. घरातली, खोलीवरची, गोठ्यातली सगळी कुलपे आणि सगळ्या किल्ल्या एका घमेल्यात गोळा कराव्यात. मग पुढील क्रमाने जावे.

१) कुलपावर आणि किल्लीवर कंपनीचे नाव किंवा क्रमांक कोरलेला आहे का ते पाहावे. एका नावाची कुलपे व किल्ल्या एका बाजूला काढाव्यात. यानेच निम्मी मेहनत वाचते.

२) किल्लीचे भोक गोल आहे की चपटे, किल्ली पोकळ नळीची आहे की भरीव, हे पाहून गट पाडावेत.

३) किल्ली हलक्या हाताने फिरवून पाहावी. थोडी हलते आणि अडते अशी किल्ली बाजूला ठेवावी. कुलूप गंजले असेल, तर तीच त्याची खरी जोडीदार असण्याचा संभव असतो.

४) जोडी जमली की लगेच तारेने किल्ली कुलपाला बांधावी. ‘मागाहून बांधू’ म्हटले की पुन्हा पहिला पाढा.

गंजलेल्या कुलपाला रॉकेल किंवा डिझेलमध्ये एक रात्र बुडवून ठेवावे. सकाळी बाहेर काढून, लाकडावर हलकेच आपटून आतली घाण पाडावी आणि किल्ली फिरवून पाहावी. कुलूप चुलीवर किंवा गॅसवर तापवू नये, कारण उष्णतेने स्प्रिंगचा ताण जातो. सुटलेले कुलूप वाळवून त्यात शिसपेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड सोडावी. ग्रीस किंवा इंजिनाचे जळके ऑइल घालण्याची सवय अनेकांना आहे, परंतु त्यावर धूळ आणि पाचटाचा भुसा बसून चार महिन्यांत आत लगदा होतो.

दुसरे काम : किल्ली बनवणे, नाहीतर मोडीत काढणे

जुळणी करूनही जी कुलपे बंद राहतील, त्यांतली जड आणि चांगल्या कंपनीची वेगळी काढावीत. तालुक्याच्या बाजारात किल्ल्या बनवणारे कारागीर बसतात, त्यांच्याकडे ती एकदम न्यावीत. एकेक नेण्यापेक्षा आठ-दहा एकदम नेली तर मजुरीही कमी पडते. नव्या किल्लीची मजुरी नव्या कुलपाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त सांगितली, तर ते कुलूप हलके समजून सोडून द्यावे. किल्ली बनवताना स्वतः समोर बसावे. किल्ल्या दोनच करून घ्याव्यात आणि जास्तीची किल्ली कोणाकडे राहू देऊ नये.

हलक्या पत्र्याची, कडी झिजलेली किंवा खटका सैल झालेली कुलपे सरळ मोडीत द्यावीत. पितळ आणि लोखंड वेगळे करून दिल्यास पितळेचा भाव चांगला मिळतो.

येथे एक सूचना आवर्जून करतो. वर सांगितले ते सर्व आपल्या मालकीच्या आणि सुट्या कुलपांविषयी आहे. भाऊबंदाने किंवा संस्थेने दाराला लावलेले कुलूप वादात असेल, तर ते ‘आमच्याकडे किल्ली आहे’ किंवा ‘कारागीर आहे’ म्हणून उघडू नये. त्यासाठी चार जाणती माणसे, पोलीस पाटील किंवा कायदा यांचाच मार्ग धरावा. रस्त्यात किंवा फडात सापडलेले कुलूप असेल, तर आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून मालकाचा शोध घ्यावा.

कोणते कुलूप कोठे ?

आता उघडलेली कुलपे हाताशी आली. ती कोठे लावायची, याचा आमचा नियम सोपा आहे. चोराला अडवायचे असेल तर मजबूत कुलूप लागते, अपघाताला अडवायचे असेल तर जुने कुलूपही पुरते.

मोटारीच्या खोलीत मोटार आणि तांब्याची केबल असते. तेथे चोर हत्यारे घेऊन येतो, म्हणून तेथे जाड कडीचे, जास्त लिव्हरचे चांगलेच कुलूप असावे आणि कोयंडाही तितकाच भक्कम असावा. तेथे काटकसर करू नये. परंतु लहान मूल, बेसावध गडी किंवा घाईत आलेला शेजारी यांना थांबवायचे असेल, तर साध्या कुलपाचेही काम भागते. जुन्या कुलपांची खरी जागा तीच.

धातूचाही विचार करावा. पितळ पाण्याने गंजत नाही म्हणून विहीर, व्हॉल्व्ह आणि पाटाच्या दाराजवळ पितळी कुलूप चांगले. गोठ्यात मात्र ते जपून वापरावे. जनावरांच्या मूत्रातून अमोनिया वायू सुटतो आणि दमट हवेत तो ताणाखालच्या पितळेला चिरा पाडतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्कराला याचा चांगलाच अनुभव आला होता. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे आपोआप चिरत. घोड्यांच्या मलमूत्रातला अमोनिया हे त्याचे कारण असल्याचा शास्त्रीय उलगडा १९२१ साली झाला. म्हणून गोठ्याला लोखंडी कुलूप बरे. खतांच्या दमट क्षारांनी लोखंडही खाल्ले जाते, तेव्हा खताच्या खोलीचे कुलूप बाहेरच्या बाजूस असावे आणि त्यावर टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झापडीसारखा खिळ्याने ठोकावा. पाऊस, धूळ आणि फवारा, तिन्हींपासून बचाव होतो.

उपयोग पहिला : मेन स्विचवर ‘बंद’चे कुलूप

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

फूटव्हॉल्व्ह काढायला माणूस विहिरीत उतरतो. मोटार बंद असते किंवा वीजच गेलेली असते, म्हणून तो निर्धास्त असतो. तेवढ्यात वरून कोणीतरी येतो, ‘वीज आली, मोटार का बंद?’ म्हणून बटण दाबतो. काही ठिकाणी तर बटण दाबायलाही माणूस लागत नाही. ऑटो स्विच बसवलेला असला की वीज आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू होते. हल्ली मोबाईलवरून मोटार चालू करण्याची सोय झाली आहे. मुलगा गावातून फोन लावतो आणि बाप विहिरीत असतो, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे.

यावर कारखानदारीत एक जुनी आणि पक्की रीत आहे. यंत्रावर काम करणारा माणूस आधी वीज तोडतो, स्विच ‘बंद’ स्थितीत ठेवून त्यावर स्वतःचे कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. तीन माणसे काम करत असतील तर तीन कुलपे पडतात. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपले कुलूप काढीपर्यंत यंत्र सुरूच होऊ शकत नाही. अमेरिकेत १९८९ साली या रीतीला कामगार सुरक्षेच्या नियमाचे रूप दिले गेले. साखर कारखान्यात मिलचे रोलर किंवा ऊस वाहून नेणारा पट्टा यांच्या दुरुस्तीला ही रीत जितकी लागू, तितकीच ती आपल्या विहिरीवरच्या मोटारीलाही लागू आहे.

शेतावर हे असे करावे :

१) मेन स्विच पाडावा, किटकॅट काढून खिशात घालावेत आणि टेस्टरने तपासावे.

२) पेटी मिटून तिला कुलूप घालावे. किल्ली विहिरीत उतरणाऱ्याच्याच खिशात राहावी, काठावर ठेवू नये.

३) कुलपाला पुठ्ठा बांधून ‘माणूस कामावर आहे, मोटार चालू करू नये’ असे ठळक लिहावे.

४) दोघे-तिघे कामाला असतील तर प्रत्येकाने आपापले कुलूप घालावे.

पेटीला कुलपासाठी भोक नसेल तर ते आधी वायरमनकडून, वीज पूर्ण बंद असताना, करून घ्यावे.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. मोटार चालू असताना पेटीला कुलूप लावून किल्ली गावात नेऊ नये. कोणाला विजेचा धक्का बसला तर पहिले काम मेन स्विच पाडण्याचे असते. त्या क्षणी किल्ली शोधत बसावे लागले तर माणूस हातचा जातो. म्हणून नियम असा की, ‘बंद’ला कुलूप घालावे, ‘चालू’ला घालू नये.

उपयोग दुसरा : औषधांची पेटी

उसावरची कीडनाशके आणि तणनाशके घरात कोठे ठेवलेली असतात, हे एकदा पाहा. कोणाच्या पलंगाखाली, कोणाच्या माळ्यावर, तर कोणाच्या धान्याच्या कणगीशेजारी. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, त्याखाली निळा आणि हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे पोटात गेले तरी चालते, असा अर्थ मुळीच नाही.

जुनी लाकडी किंवा पत्र्याची पेटी घेऊन ती घरापासून अलग, उंचावर आणि सावलीत ठेवावी. तीत फक्त औषधे, मापे आणि हातमोजे ठेवावेत. तिला एक जुने कुलूप लावावे. याच्या किल्ल्या दोन असाव्यात, एक घरच्या कर्त्या माणसाकडे आणि दुसरी घरातल्या बाईमाणसाच्या माहितीच्या जागी. औषध दुसऱ्या बाटलीत, विशेषतः थंड पेयाच्या बाटलीत, कधीही ओतून ठेवू नये.

या कुलपाचा आणखी एक फायदा आहे, तो जरा हळवा विषय आहे पण बोलणे भाग आहे. रागाच्या किंवा निराशेच्या भरात माणूस हाताला लागेल ते घेतो. पेटी बंद असली आणि किल्ली दुसऱ्याकडे मागावी लागली, तर मध्ये जो वेळ जातो त्या वेळात घरातले कोणीतरी जागे होते, कोणीतरी बोलते. तेवढ्याने एखादे घर उभे राहते. घरात कोणी खचलेले दिसत असेल, तर दोन्ही किल्ल्या त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि त्याच्याशी बोलावे, एकटे सोडू नये.

उपयोग तिसरा : सामाईक विहिरीची कुलूपसाखळी

आपल्या भागात सामाईक विहिरी पुष्कळ. तीन भाऊ, एक मोटार आणि एक किल्ली असली की भांडण ठरलेले. ज्याच्याकडे किल्ली तो परगावी आणि ज्याची पाळी तो बांधावर बसून, हे चित्र आपल्याला नवे नाही. एकाच कुलपाच्या तीन किल्ल्या केल्या, तर एकाने किल्ली हरवताच तिघांनाही कुलूप बदलावे लागते.

यावर सोपा तोडगा असा. दाराला साखळी घ्यावी. साखळीच्या एका टोकात पहिल्या भावाचे कुलूप अडकवावे, त्या कुलपाच्या कडीत दुसऱ्याचे, दुसऱ्याच्या कडीत तिसऱ्याचे, आणि तिसऱ्याचे साखळीच्या दुसऱ्या टोकात. आता कुलपेच साखळीचे दुवे झाली. कोणीही आपले एक कुलूप उघडले की साखळी सुटते आणि दार उघडते. कोणाला कोणाची किल्ली मागावी लागत नाही. एकाची किल्ली हरवली तर फक्त त्याचेच कुलूप बदलते.

यात एकच पथ्य आहे. बंद करताना आपले कुलूप पूर्वी होते तसेच शेजारच्या कुलपात अडकवावे. साखळीची दोन टोके थेट आपल्याच कुलपात घेतली, तर बाकीचे दोघे बाहेर राहतील आणि पुन्हा बोलाचाली सुरू होईल. या कामाला तीन सारखी कुलपे लागत नाहीत, जुनी निरनिराळी चालतात. मात्र साखळीची ताकद तिच्यातल्या सर्वांत हलक्या कुलपाएवढीच असते, तेव्हा अगदी पत्र्याचे कुलूप तीत घालू नये.

याच्या उलट गरज असेल, म्हणजे सर्वांच्या संमतीशिवाय उघडायचेच नाही अशी पेटी असेल, तर एकाच दाराला दोन-तीन वेगळे कोयंडे घेऊन प्रत्येकाला वेगळे कुलूप घालावे. देवळाच्या दानपेटीला आणि संस्थेच्या तिजोरीला हीच पद्धत योग्य. एकाच घमेल्यातली जुनी कुलपे दोन्ही कामे करतात, फक्त अडकवण्याची रीत बदलते.

पुन्हा डबा भरू नये म्हणून

हे सर्व एकदा करून सोडून दिले, तर दोन वर्षांत घमेले पुन्हा भरेल. म्हणून एवढे नियम पाळावेत.

१) प्रत्येक कुलपावर रंगाने अंक घालावा आणि तोच अंक किल्लीवर कोरावा. जागेचे नाव किल्लीवर लिहू नये, हरवली तर सापडणाऱ्याला पत्ता मिळतो.

२) वहीच्या एका पानावर अंक, जागा, किल्ल्या किती आणि कोणाकडे, हे लिहावे. किल्लीवर कंपनीचा क्रमांक असेल तर तोही टिपावा. काही कंपन्या त्यावरून दुसरी किल्ली देऊ शकतात.

३) दुसरी किल्ली पहिल्या जुडग्यात कधीही ठेवू नये. एक शेतावर जाणारी, एक घरी राहणारी.

४) गडी बदलला की त्याच्याकडील किल्ल्या पानावर पाहून परत घ्याव्यात.

५) वर्षातून एकदा, अडसालीची लागण उरकल्यावर, सगळी कुलपे उघडून, पुसून, शिशाची पूड सोडून पुन्हा लावावीत.

समजा, एखाद्या घरी १४ बंद कुलपे निघाली. त्यांतली ५ जुळणीतच उघडली, ३ ना किल्ल्या करून घेतल्या आणि ६ मोडीत गेली. म्हणजे ८ कुलपे कामाची झाली. दोन मेन स्विचसाठी, एक औषधाच्या पेटीला, तीन सामाईक विहिरीच्या साखळीत, एक पाटाच्या दाराला, आणि एक शिल्लक. मोडीच्या पैशातून किल्ल्यांची मजुरी बरीचशी निघते. पैशांची बचत मोठी नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण विहिरीत उतरलेला माणूस वर आला, पोराच्या हाती औषधाची बाटली लागली नाही आणि पाळीवरून भाऊ-भाऊ कोर्टात गेले नाहीत, याचा हिशोब कोणत्या बिलात धरणार ?

तरी सर्व सभासदांनी येत्या पावसाळी दिवसांत एक सकाळ या कामाला द्यावी. घरातल्या मुलांना जुळणीला बसवावे, त्यांची नजर तेज असते आणि त्यांना ते आवडतेही. मेन स्विचला कुलूप कसे बसवावे आणि कुलूपसाखळी कशी अडकवावी हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर आपल्या गट कार्यालयात शेतकी मदतनीस किंवा चिटबॉय यांच्याकडे सांगून ठेवावे. गावात दहा-बारा सभासद एकत्र येणार असतील तर आम्ही स्वतः विहिरीवर येऊन दाखवू.